सुधारणेस वाव

त्या सहामाहीत नापास व्हायची पाळी मारिविकची होती, आणि ती मजेत होती.

कंपनीचं नाव सांगायची गरज नाही. मनिलात कुणाच्याही फोनवर बोट ठेवलं की तीच उघडते. जेवण मागवा, मोटारसायकलवाला बोलवा, विजेचं बिल भरा, गावाकडे आईला पैसे धाडा, सगळं तिच्याच अॅपवर. मुख्य कचेरी सिंगापुरात. इथे बोनिफासिओच्या काचेच्या मनोऱ्यात नुसते अभियंते भरलेले, खोक्यात आंबे भरावेत तसे. आणि आंब्यांसारखाच नियम: सहाजणांच्या तुकडीत एक तरी डागी निघालाच पाहिजे. दर सहामाही अप्रेझलला त्या एकाच्या नावापुढे ‘सुधारणेस वाव’ असा शेरा पडायचा. सगळेच चांगले आहेत असं कळवलं, तर सिंगापूर म्हणायचं, तुम्ही नीट बघितलं नाही, पुन्हा बघा.

तुकडीचे मॅनेजर बोयेत सर. माणूस लोण्याचा. कँटीनमधला शेवटचा तळलेला लुम्पिया उचलतानासुद्धा चौघांना विचारणार, “कुणाला हवाय का? नक्की?” पहिल्या वर्षी त्यांनी खरोखरच एकाला तो शेरा दिला आणि मग स्वतःच जिन्यात बसून रडले. तिथे ते दोदोंगला सापडले. दोदोंग सेबूचा, अंगाने कपाट, आणि त्याची बायको गल्लीतली भिशी चालवायची.

“रडता काय सर?” तो म्हणाला. “चिठ्ठ्या टाका. भिशीसारखं. आज हिचा नंबर, पुढच्या खेपेला त्याचा. कुणाचंच वाकडं होत नाही.”

तेव्हापासून तुकडीत वावाची भिशी सुरू झाली. ज्याला वाव लागेल त्याची पगारवाढ बुडायची, पण त्या बदल्यात सहा महिने त्याने पाचच्या ठोक्याला पिशवी उचलून चालू पडायचं, अॅप बंद पडलं तरी त्याला कुणी हाक मारायची नाही, आणि सिंगापूरच्या मीटिंगमध्ये त्याने फक्त मान हलवायची. भिशी गुप्त होती. म्हणजे बोयेत सरांना सगळं माहीत होतं, आणि काहीच माहीत नसल्याचा चेहरा त्यांना छान जमायचा.

जुलैपासून मारिविकचा वाव चालू होता; शेरा पडायचा तो सहामाही संपताना. पाचला निघून, रहदारीत तासभर सडून, ती पासिगला आपल्या वस्तीच्या मैदानावर पोचायची आणि मासेवाल्या बायकांच्या व्हॉलीबॉल संघात खेळायची. आईला संशय आला.

“तुला कामावरून काढलं का गं?”

“नाही गं आई.”

“मग दिवसाउजेडी घरी कशी येतेस?”

सप्टेंबर लागला, मनिलाच्या रिवाजाप्रमाणे मॉलमध्ये ख्रिसमसची गाणी सुरू झाली, आणि सिंगापूरहून डेस्मंड आला. डेस्मंड हा साहेबांचा साहेब. पांढरे बूट घालायचा आणि सगळ्यांना ‘मित्रांनो’ म्हणायचा. हा माणूस मित्रांनो म्हणाला की लोक आपापलं पाकीट चाचपायचे.

“मित्रांनो,” तो मोठ्या सभागृहात म्हणाला, “आपण एक सुंदर योजना आणतोय. नाव आहे नवी भरारी. या अप्रेझलला ज्यांना ‘सुधारणेस वाव’ मिळेल, त्या मित्रांना कंपनी नवी भरारी घ्यायला मोकळं करणार आहे.”

दोदोंगने हात वर केला. “मोकळं म्हणजे काय सर?”

“म्हणजे बाहेर.”

“बाहेर म्हणजे गच्चीत?”

मनुष्यबळ खात्याच्या ट्रिक्सी मॅडमनी त्याच्याकडे असं बघितलं की तो खाली बसला. रिकाम्या हाताने कुणाला पाठवणार नाही, डेस्मंड म्हणाला. जितकी वर्षं नोकरी, त्या प्रत्येक वर्षामागे दोन पगार. मग त्याने सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या.

मारिविकने टाळ्या वाजवल्या. हात आपोआप वाजत होते. तिच्या नोकरीला पुरती चार वर्षं झाली नव्हती, धाकटा भाऊ नर्सिंगला होता आणि घरी कमावणारं दुसरं कुणी नव्हतं.

दुपारी अख्खी तुकडी इमारतीच्या मागे, आलिंग बेबांगच्या खानावळीत जमली. शुक्रवार होता, म्हणून मुगाची आमटी होती. सहाजण ताटात बघून जेवत होते. मारिविकला म्हणताही येईना की माझ्याऐवजी कुणीतरी व्हा. दोन महिने पाचला घरी गेली होती ना ती!

“मी घेतो वाव,” शेवटी दोदोंग म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. तेवढ्यात बायकोचा फोन आला. तो बाहेर जाऊन बोलून आला आणि म्हणाला, “मी नाही घेत.”

“मला द्या,” कोपऱ्यातून आवाज आला.

तो क्रिसांतो होता. तुकडीत सगळ्यांत जुना, पन्नाशी ओलांडलेला. सगळे त्याला थोरल्या भावासारखं ‘कुया’ म्हणायचे. ही कंपनी एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत होती, पंखा एकच होता, तेव्हापासूनचा माणूस. पुढे ती सिंगापूरने गिळली, तिच्याबरोबर क्रिसांतोलाही गिळलं. त्याची बायको नेनिता सोरसोगोनला शाळेत शिकवायची. हा शुक्रवारी बसने निघायचा, शनिवारी बायकोचं तोंड बघायचा आणि रविवारी परत फिरायचा. मुलगा असा शनिवारी-शनिवारी वाढला आणि जहाजावर नोकरीला लागलासुद्धा.

“भिशीत नंबर बदलता येतो ना?” क्रिसांतो म्हणाला. “मग बदलू. मला जायचंच आहे.”

“मग राजीनामा दे ना कुया,” मारिविक म्हणाली. “माझ्यासाठी कशाला...”

“तुझ्यासाठी कोण करतंय? राजीनामा दिला तर हातात केक देतील. यांनी हाकललं तर इतक्या वर्षांचं हक्काचं मिळेल. अक्कल आहे मला.”

“आणि तिथे जाऊन करणार काय?”

“नारळाखाली बसणार.”

“आणि मग?”

“मग उठून दुसऱ्या नारळाखाली बसणार.”

सगळ्यांना हसू फुटलं. बोयेत सर तेवढे हसले नाहीत. या भिशीबद्दल त्यांना काहीच माहीत नसल्यामुळे ते हळूच, आमटीच्या वाटीला उद्देशून म्हणाले, “पण याचा फोटो खालच्या भिंतीवर लावलाय. उत्तम अभियंता म्हणून. असल्या माणसाला वाव दिला तर सिंगापूर मला विचारेल. अप्रेझल डिसेंबरच्या मध्यावर आहे. तोवर याला जरा बिघडावं लागेल. आणि हिला सुधारावं लागेल.”

“किती बिघडू?” क्रिसांतोने विचारलं.

“बऱ्यापैकी.”

बिघडणं ही काही सोपी गोष्ट नाही. क्रिसांतो सोमवारी अकराला आला, पायात रबरी चपला घालून. आठवड्याभरात अर्धा मजला रबरी चपलांत आला आणि ट्रिक्सी मॅडमनी त्यांचे फोटो काढून ‘आपलं ऑफिस, आपलं घर’ असं पोस्टर लावलं. मग त्याने अॅपच्या पोटातला जुना कोड उपटायला घेतला. तो कुणी लिहिला ते कुणालाच आठवत नव्हतं आणि भीतीने कुणी त्याला हात लावत नव्हतं. भराभर उपटला. अॅप लुळं पडेल अशी त्याची आशा होती. अॅप हलकं झालं. जुन्यापुराण्या फोनवरसुद्धा धावायला लागलं, आणि सिंगापूरहून क्रिसांतोच्या नावाचा मग आला.

शेवटी त्याने थेट डेस्मंडला पत्र लिहिलं: तुमची नवी कल्पना म्हणजे म्हशीच्या पायात मनगटी घड्याळ आहे. डेस्मंडने ते सगळ्या कंपनीला वाचून दाखवलं आणि म्हणाला, “मित्रांनो, याला म्हणतात निर्भीडपणा.”

“आता काय त्याच्या बुटावर थुंकू?” क्रिसांतो दोदोंगला म्हणाला.

“नको. उद्या सगळेच थुंकतील.”

इकडे मारिविक सुधारत होती. मासेवाल्यांनी दोन आठवडे तिची वाट बघितली, मग तिच्या जागी बर्फवाल्याची मुलगी घेतली. मारिविकला मान वर करायलाही वेळ नव्हता. दिसेल ते काम ती अंगावर घेत होती, आणि असंच तिने डेस्मंडच्या डोक्यातून निघालेलं एक काम घेतलं, जे बाकी कुणी घेईना. ज्या गिऱ्हाइकांनी वर्षभरात अॅप उघडलेलं नाही, त्यांना गोड निरोप पाठवायचा आणि परत ओढून आणायचं. निरोप डेस्मंडने स्वतः लिहिला होता. पाठवायचा दिवसही त्यानेच ठरवला: एक नोव्हेंबर, कारण इथे त्या दिवशी सुट्टी असते आणि लोक निवांत असतात, असं त्याला कॅलेंडरवरून कळलं होतं. सुट्टी कशाची, ते कॅलेंडरवर नव्हतं.

मारिविकने तारीख वाचली, पण कामाच्या धुंदीत ती नुसती एक तारीख होती. कोड कुणातरी ज्येष्ठाने तपासायचा असा नियम होता. ज्येष्ठ म्हणजे क्रिसांतो, आणि तो बिघडण्याच्या प्रयत्नात होता. त्याने न वाचताच ‘ठीक’ म्हणून टाकलं.

एक नोव्हेंबरला मारिविक आईबरोबर पासिगच्या दफनभूमीत होती. आपापल्या मेलेल्यांना भेटायचा तो दिवस; अख्खं शहर कुठल्या ना कुठल्या दफनभूमीत होतं. बापाच्या थडग्याशी सतरंजी टाकली, मेणबत्त्या लावल्या, पान्सितचा, म्हणजे परतलेल्या शेवयांचा, डबा उघडला. शेजारच्या थडग्यावर पत्ते रंगले होते, पलीकडे कुणीतरी गाण्याचं यंत्र आणलं होतं. आईने पिशवीतून बापाचा जुना फोन काढला आणि थडग्यावर ठेवला. त्यात त्याची गायलेली गाणी होती, म्हणून ती तो अजून चार्ज करायची. आजूबाजूच्या थडग्यांवरही गेलेल्यांचे असेच जपलेले फोन ठेवलेले होते.

फोन टुणकन वाजला.

आईने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, “अर्नुल्फो, फार दिवस झाले! आम्हाला तुमची फार आठवण येते. परत या! पहिलं जेवण निम्म्या दरात.”

 तेवढ्यात शेजारच्या थडग्यावर टुणकन वाजलं. मग पलीकडे. मग उतारावरून खालपर्यंत, मेणबत्त्यांच्या ओळींमधून, टुण, टुण, टुण. पत्ते थांबले. गाणं थांबलं.

आई फोनकडे बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. रडतेय असं वाटून मारिविक पुढे सरकली. आई हसत होती.

“परत ये म्हणे! जिवंत होता तेव्हा जेवायला ये म्हणून बोंबलून घसा बसायचा माझा, तेव्हा आला नाही पत्त्यांवरून उठून, आता येतोय!” तिने डोळे पुसले. “निम्म्या दरात म्हणतायत ना? कोंबडी मागव. त्याला आवडायची.”

हाच विचार सगळ्या दफनभूमीला एकदम सुचला. अर्ध्या तासात फाटकाशी मोटारसायकलींची रांग लागली, आणि डबे घेतलेली पोरं थडग्यांमधून वाट काढत ओरडायला लागली.

“ग्रेगोरिओ कोण? ग्रेगोरिओ!”

“तो खाली आहे. इकडे दे.”

“सही कोण करणार?”

“त्याची बायको करेल. ती अजून वरच आहे.”

लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होते. मारिविकने मात्र आपला डबा झाकून ठेवला. दोन थडगी सोडून एक म्हातारा एकटाच स्टुलावर बसला होता. त्याच्या हातात गुलाबी खोळीचा एक बायकी फोन होता, आणि तो हसत नव्हता.  मारिविक उठून त्याच्यापुढे जाऊन उकिडवी बसली.

“आजोबा, तो निरोप... मी पाठवला. म्हणजे मी त्या कंपनीत काम करते. चूक झाली. माफ करा.”

म्हाताऱ्याने तिच्याकडे नीट बघितलं. “तू पाठवलास?”

“हो.”

“परत ये, असं मी हिला रोज म्हणतो,” तो म्हणाला. “पण सूट द्यायचं मला कधी सुचलं नाही.”

त्याने तिला शेजारी बसवून घेतलं आणि आपल्या डब्यातली तांदळाची चिकट मिठाई खायला लावली. बायकोचं नाव फेलिसिदाद. ती जेवण मागवायची ते फक्त पावसाळ्यात आणि नेहमी चुकीच्या पत्त्यावर. मारिविक अंधारून येईपर्यंत तिथेच बसून राहिली.

सुट्टीनंतर पहिल्याच कामाच्या दिवशी मीटिंग बोलावली गेली. डेस्मंड सिंगापूरहून पडद्यावर. मारिविकने घरून निघतानाच मेजावरच्या वस्तूंसाठी मोठी पिशवी घेतली होती. क्रिसांतो आला तो इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून, लग्नाला निघाल्यासारखा. त्याला शेवटी संधी मिळाली होती.

“मी बोलतो,” तो उभा राहिला. “मेलेल्या माणसांना आमंत्रण गेलं. तपासायचं काम माझं होतं. मी वाचलंसुद्धा नाही. असला माणूस कंपनीत ठेवू नये.”

“काहीतरीच!” मारिविक उठली. “लिहिलं मी. तारीख मी बघितली होती. यात कुयाचा काही संबंध नाही.”

“खाली बस गं.”

“तू बस!”

“मी ज्येष्ठ आहे, चूक माझी आहे!”

“नाही, माझी!”

पडद्यावर डेस्मंड स्तब्ध होता. नेट अडकलं की काय म्हणून दोदोंगने तार हलवून बघितली. मग डेस्मंडने टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

“मित्रांनो,” तो गहिवरून म्हणाला, “आजवर एका दिवसात इतकी जेवणं आपण कधी पोचवली नव्हती. सगळा देश आपल्या विनोदावर हसतोय. आणि हे दोघं श्रेय एकमेकांकडे ढकलतायत! मारिविक, शाबास. क्रिसांतो, इतकी वर्षं आम्ही तुला ओळखलंच नाही. आजपासून तू प्रधान अभियंता.”

क्रिसांतो मटकन बसला. संध्याकाळी तो मारिविकला जिन्यात सापडला, बोयेत सर बसायचे त्याच पायरीवर.

“मला साधं नापास होता येत नाही, विक,” तो म्हणाला. “नेनिताला सांगून बसलोय मी. तिने न्हाणीघराला नवी कौलं घातली.”

मारिविक तिथून तडक ट्रिक्सी मॅडमच्या खोलीत गेली आणि तिने सगळं ओकून टाकलं: भिशी, चिठ्ठ्या, नंबराची अदलाबदल, चपला. दोदोंगला वाचवायला तिने त्याचं नाव तेवढं घेतलं नाही.

ट्रिक्सी मॅडमनी उठून दार लावलं. पडदा ओढला. आणि मग मेजावर डोकं टेकून त्या इतक्या हसल्या की डोळ्यांतलं काजळ गालावर आलं.

“तुम्ही चिठ्ठ्या टाकता?” त्या म्हणाल्या. “आम्ही वयाने जातो. पुढच्या खेपेला माझा आहे.”

“तुमच्यातही आहे?”

“अगं, इमारतीत कुठल्या मजल्यावर नाही ते विचार. आणि क्रिसांतोला सांग, ती बढती घे, हसत घे, डेस्मंडबरोबर फोटो काढ. सिंगापूरला वाटतं वाव लागलेले काढले की पैसे वाचतील. पण वाव लागलेली माणसं स्वस्त असतात, त्यांना काढून किती वाचणार? हिशेबाची माणसं डिसेंबरात बसतात तेव्हा कात्री वरून लावतात. दर वर्षी. प्रधान अभियंता इथे नाताळ बघत नाही.”

क्रिसांतोने बढती घेतली. फोटोत तो इतका खूश दिसत होता की डेस्मंडने तो आपल्या खोलीत लावला. आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याच डेस्मंडचा फोन आला. तो जवळजवळ रडत होता. प्रधान अभियंता हे पदच काढून टाकण्यात आलं होतं. “तू आमच्यासाठी फार मोठा झालास, मित्रा,” तो म्हणाला. इतक्या वर्षांचे पैसे मिळाले, तेही नव्या पगाराने. तुकडीत पाचच उरले, आणि नियम सहाच्या तुकडीला होता, त्यामुळे त्या खेपेला वाव कुणालाच लागला नाही. बोयेत सर पुन्हा जिन्यात जाऊन रडले. चौथ्या मजल्यावरून मात्र त्या आठवड्यात बरीच माणसं खोकी घेऊन खाली उतरली. त्यांच्यातली एक रोज लिफ्टमध्ये मारिविकसाठी दार धरायची. मारिविकला तिचं नावही माहीत नव्हतं.

क्रिसांतो निघाला त्या दुपारी मारिविक त्याला पोचवायला कुबाओच्या बसथांब्यावर गेली. नाताळाची गर्दी, माणसांपेक्षा खोकी जास्त. क्रिसांतोकडे एक ट्रंक, भाताचा कुकर आणि ऑफिसची चाकांची खुर्ची होती. ती त्याने रीतसर विकत घेतली होती.

“नारळाखाली?” मारिविकने विचारलं.

“वाळूत चाकं फिरत नाहीत हे माहीत आहे मला. बोलू नकोस.”

खुर्ची टपावर चढवताना ड्रायव्हरने तिच्या पाठीवरची कंपनीची खूण बघितली. “तू त्या कंपनीत आहेस?”

“होतो. सोडली. आजपासून काही संबंध नाही.”

“सोडलीस? मग आता खरं बोलशील. माझं खातं तीन महिने बंद आहे. आत माझे पैसे अडकलेत. फोन केला की एक बाई गाणं ऐकवते.” ड्रायव्हरने फोन त्याच्या छातीला लावला. “हे उघडल्याशिवाय गाडी हलणार नाही.”

क्रिसांतोने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आत शिरून पहिल्या बाकावर टेकला. ड्रायव्हरचं खातं उघडलं तशी कंडक्टरने आपला फोन पुढे केला, मग खोक्यात कोंबडा घेतलेल्या एका बाईने, मग मागच्या सगळ्यांनी. मागच्या बसवाल्यांनी भोंगे वाजवायला सुरुवात केली. ड्रायव्हरने खिडकीतून मुंडी काढून त्यांच्या सात पिढ्या काढल्या आणि शेवटी, नाइलाजाने, गाडी सुरू केली.

मारिविक बाहेर उभी होती. निरोपाचं काहीतरी बोलायचं तिने ठरवून आणलं होतं, पण क्रिसांतोला मान वर करायला फुरसत नव्हती. त्याच्या एका हातात एक फोन, दुसऱ्यात दुसरा, आणि कोंबडेवाली बाई त्याच्या कानाशी तक्रार सांगत होती. गाडी वळली तेव्हा कुठे त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“विक!” तो भोंग्यांच्या वर ओरडला. “पासवर्ड विसरला की जे पान येतं ना, ते कुठल्या गाढवाने लिहिलंय गं?”

“तूच, कुया!” ती पळता पळता ओरडली.

“वाटलंच मला,” तो म्हणाला आणि डोकं आत घेतलं.